दूरचे बेट आणि नदीकाठचा ऊस

पूर्वी आपल्या भागात लग्न झाले की नवी जोडी जेजुरीला जायची. नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, घरी येऊन गोंधळ घालायचा आणि दोन दिवसांनी दोघेही रानात. आता जेजुरी होतेच. खंडोबाला कोण चुकवील? पण जेजुरीच्या मागोमाग बेट येते. कोणी अंदमानला जाते, कोणी मालदीवला, कोणी मॉरिशसला. मोबाईलवर फोटो येतात. निळे पाणी, पांढरी वाळू, एक वाकलेले नारळाचे झाड आणि त्याखाली आपल्याच आळीतली पोरगी गॉगल लावून बसलेली. फोटो पाहून म्हाताऱ्या विचारतात, "तिथं देव कोणचा गं?" देव नाही म्हटल्यावर त्यांना कोडे पडते. देव नाही, सोयरा नाही, बाजार नाही, मग एवढा पैसा खर्चून माणसे तिथे जातात तरी कशाला?

म्हाताऱ्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मला तर त्याचे उत्तर शोधावेच लागले, कारण तो प्रश्न आमच्या बांधापर्यंत चालत आला.

माझे माहेर शिरूर तालुक्यात, सासर दौंड तालुक्यात भीमेच्या काठी. घरी ऊस, थोडा कांदा, चार जनावरे. गेल्या वर्षी पुण्याचे एक गृहस्थ आले. नदीकडेची आमची दोन एकर त्यांना एकोणतीस वर्षांच्या कराराने हवी होती. तिथे वाळू आणून पसरायची, वाढलेली नारळाची झाडे आणून लावायची, निळा रंग दिलेला मोठा हौद बांधायचा, भोवती गवती झोपड्या. "समुद्रातल्या बेटासारखं करू, लोक तुटून पडतील," असे ते म्हणाले. दोन एकर उसात वर्षाकाठी हाती राहते, त्याहून त्यांचे भाडे जास्त होते. थोरल्याला पटले. मालकांना पटेना. सूनबाई गप्प. घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नाही. मग थोरलाच म्हणाला, "आधी खरं बेट बघा, मग बोला." आणि ऑगस्टमध्ये, पाऊस झाल्यावर ऊस उभा असताना, पुण्याच्या एका सहलीबरोबर त्याने आम्हा दोघांना मॉरिशसला नेले.

मुंबईहून विमानाने सहा तासांचा प्रवास. खाली सगळा हिंदी महासागर. आपण विषुववृत्ताच्या जितके उत्तरेला, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेला. म्हणजे सूर्य आपल्या वाट्याला येतो तसाच त्यांच्याही. फक्त ऋतू उलटे. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा. मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे. आपले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके जोडले तर ते बेट आत मावून वर जागा उरेल. एवढ्याशा बेटावर २०१९ साली तेरा लाखांवर पर्यटक आले. तिथली वस्ती त्याहून कमी आहे. घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त, अशी तऱ्हा.

विमानतळावरून निघालो आणि दोन्ही बाजूंना काय, तर ऊस. मालक गाडीच्या काचेला नाक लावून बसले. उसात जागोजाग काळ्या दगडांचे ढीग होते, घराएवढे, नीट रचलेले. एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा त्यांनी उतरून एक दगड हातात घेतला आणि म्हणाले, "अगं, हा तर आपलाच काळा पाषाण!" मला वाटले, घरची आठवण आली म्हणून बोलले. पण ते खरेच निघाले. ज्वालामुखीतून आलेला बसाल्ट तो. भूशास्त्रज्ञ असे मानतात, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या एका तप्त जागेवरून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा पाषाण बाहेर पडला, त्याच जागेवरून फार नंतर मॉरिशस बेट वर आले. मधल्या काळात आपली भूमी उत्तरेला सरकत गेली. सूर्य तोच, खडक तोच, पीकही तेच. मग लोक तिकडे का जातात आणि पाटसला का उतरत नाहीत?

पहिले कारण पाण्याचे. ते पाणी खरोखर निळे आहे, फोटोतला रंग खोटा नाही. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचे कडे आहे. प्रवाळ म्हणजे बारीक जिवांनी कित्येक हजार वर्षांत बांधलेला चुन्याचा बांध. समुद्राची लाट त्या बांधावर फुटते आणि आत येते ते पाणी शेततळ्यासारखे शांत. कमरेएवढे खोल, तळाशी पांढरी वाळू. ही वाळू म्हणजे झिजलेले प्रवाळ आणि शंख-शिंपले. तिच्यावरून ऊन परत फिरते म्हणून पाणी उजळते. शिवाय उष्ण प्रदेशातल्या खुल्या समुद्राचे पाणी शेतकऱ्याच्या भाषेत नापीक असते. वरचे गरम पाणी झाकणासारखे बसते, तळचे खत वर येत नाही, म्हणून शेवाळ कमी आणि पाणी आरशासारखे. आपल्या उजनीचे उलटे आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे धरणात साठते. त्या पाण्याला खत एवढे झाले आहे, की उन्हाळ्यात ते हिरवे दिसते आणि जलपर्णी काढता काढत नाही. मैलाचे खत जास्त झाले की पाणी नासते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरे कारण वाऱ्याचे. चारी बाजूंनी समुद्र असल्यामुळे उन्हाळ्यात फार तापत नाही आणि हिवाळ्यात फार गारठत नाही. आग्नेयेकडून वारा वाहत राहतो, तो वाफ घेऊन येतो. मधल्या पठारावर पाऊस आपल्या कित्येक पट. आपण सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत. वर्षाकाठी वीस इंच पडला तर देवाची कृपा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. पाहुणा आला तर त्याला झाडाखाली कुठे बसवावे हाच प्रश्न.

तिसरे कारण ऐकून माझ्या माहेरच्या माणसांना हेवा वाटेल. त्या बेटावर वाघ नाही, बिबट्या नाही, चावून माणूस मरेल असा विषारी सापही नाही. शिरूर तालुक्यात रात्री पाणी धरायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो. पोरांना अंगणात खेळायला सोडताना आई दारात उभी राहते. तिथे मात्र बायका तिन्हीसांजेला झाडीतून एकट्या चालत येताना पाहिल्या. जिथे भीती नाही तिथे माणसाचे मन सैल होते, हे आकर्षण साधे नव्हे.

एवढ्यावर मात्र उत्तर पुरे होत नाही. पाणी, वारा, वाळू तिथे पूर्वीही होती. तरी दीडशे वर्षांपूर्वी बेट म्हटले की माणूस घाबरायचा. आपल्याकडे अंदमानला काळे पाणी म्हणत. १८५७ च्या बंडानंतर १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली. १९०६ साली सेल्युलर जेल बांधून पुरे झाले. सावरकर १९११ साली तिथे गेले आणि दहा वर्षे त्या कोठड्यांत राहिले. आज त्याच शहरात लोक हौसेने जातात. विमानतळाला सावरकरांचे नाव आहे आणि पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. तुरुंग पाहून डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीने पांढऱ्या वाळूवर खेळायला जातात. यात मी कोणाला नावे ठेवत नाही. पण समुद्र तर तोच होता ना? मग बदलले काय?

बदलले ते परतीचे तिकीट. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याला बेट म्हणजे स्वर्ग. ज्याच्या खिशात ते नाही त्याला तेच बेट म्हणजे कोंडवाडा. बेटावर कामाची हाक ऐकू येत नाही, सावकार येत नाही, भावकीचा निरोप येत नाही. पाण्याने सगळी वाट बंद केलेली असते. चार दिवस ही बंद वाट फार गोड लागते. जन्मभराची झाली तर ती शिक्षा.

युरोपच्या लोकांना ही गोडी आधी लागली, त्यालाही कारण आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, महिना महिना ऊन दिसत नाही. १७८८ साली बेर्नार्दां द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाने मॉरिशसमध्ये घडणारी 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी लिहिली. तो स्वतः त्या बेटावर राहून आलेला होता. पुस्तक युरोपभर वाचले गेले आणि उन्हातल्या बेटाचे वेड लागले. वेड असले तरी जायला सवड आणि पैसा नव्हता. पुढे कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजा मिळू लागली. फ्रान्समध्ये १९३६ साली दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. मग मोठी विमाने आली. ज्याला सुटी असते त्यालाच सुटीची जागा लागते. आपल्या घरांतली पोरे आता कंपनीत जातात, रांजणगावला, चाकणला, हिंजवडीला. त्यांना रविवार आहे, रजा आहे. म्हणून त्यांना बेट हवे. आपल्याला नको होते, कारण गाईला रविवार नसतो.

आता मॉरिशसच्या त्या दगडांच्या ढिगांकडे पुन्हा वळते. राजधानी पोर्ट लुईमध्ये बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. २००६ साली तो जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. काही दगडी पायऱ्या, काही खोल्या, एवढेच. गुलामगिरी बंद होताना ऊसमळ्यांना मजूर हवे होते. म्हणून १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसे आणली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या घाटावर उतरली. काही तिथे राहिली, काहींना पुढे दुसऱ्या मुलखांत धाडले. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासकडची आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची, देशावरचीही. करार पाच वर्षांचा. तिथे एक गोष्ट अजून सांगतात. भरती करणारे दलाल म्हणायचे, "त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं." त्या माणसांनी दगड उलटले. एकेक दगड उचलून ढीग रचले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत मालकाचा ऊस लावला. तेच हे ढीग. परक्या पर्यटकाला ते छान दिसतात, तो फोटो काढतो. मालक मात्र ढिगापाशी चप्पल काढून उभे राहिले.

मला त्या वेळी आपल्याकडचे तोडकरी आठवले. बीडकडून, नगरकडून दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. आपल्या शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आपल्याला जे हिरवे, गोड रान, ते त्यांच्या पोरांना कसे दिसत असेल? आपला गावही कोणासाठी तरी परतीचे तिकीट नसलेले बेटच आहे. हे लक्षात ठेवले तर त्यांच्या कोपीपर्यंत पिण्याच्या पाण्याचा नळ ओढायला आपल्याला जड जाऊ नये.

मॉरिशसमध्ये मराठी माणसे आजही आहेत. शाळेत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. विसर्जन नदीत आणि समुद्रात करतात. २०२३ साली मोका इथे शिवाजी महाराजांचा पुतळाही बसवला. घरात बोलतात मात्र तिथली क्रिओल भाषा. रस्त्याच्या कडेला गाड्यांवर डाळपुरी मिळते. हरभऱ्यासारखी पिवळी डाळ शिजवून, वाटून, पुरणासारखी भरतात. गूळ तेवढा नसतो, वर तिखट रस्सा. पहिला घास घेतला आणि मला हसू आले. पुरणपोळी समुद्र ओलांडताना गूळ विसरली होती!

त्या गाड्यावरच्या बाई माझ्याच वयाच्या. आजोबांचे आजोबा मुंबईहून आले, एवढे त्यांना ठाऊक. मोडक्या हिंदीत आणि दोन-चार मराठी शब्दांत आम्ही बोललो. मी विचारले, "तुम्ही समुद्रावर बसता का हो?" त्या म्हणाल्या, "रविवारी. घरचे सगळे भांडीकुंडी घेऊन जातो, झाडाखाली जेवतो. बाकी दिवस गाडा." मग त्यांनीच मला विचारले, "ताई, तुमच्याकडं म्हणे गाडीत बसलं की दिवसभर जमीन संपतच नाही? समुद्र आडवा येत नाही?" मी म्हटले, "दिवसभर काय, तीन दिवस आगगाडीत बसा, जमीनच जमीन." त्यांचे डोळे असे मोठे झाले, की आपल्या सुनांचे निळे पाणी पाहून होतात तसे. "एकदा ते बघायचंय," त्या म्हणाल्या, "आणि नदीत पाय सोडून बसायचंय." दौंड जंक्शनवर बसून गाड्या मोजणाऱ्या आपल्या पोरांना कोणी सांगावे, की न संपणारी जमीन हे कोणाचे तरी स्वप्न आहे!

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण टोमणा मारायला वापरतो. मला तिच्यात आता वेगळा अर्थ दिसतो. लांबून आलेल्यालाच ते साजरेपण दिसते, कारण त्याला तिथे काम नसते. डोंगर खोटा नसतो.

आता पैशाचे बोलते, कारण आमच्या घरातला वाद पैशाचा होता. मॉरिशस पूर्वी साखरेवर जगायचे. १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा साखर हेच मुख्य पीक आणि तीच मुख्य निर्यात. १९७५ पासून युरोपशी करार होता, ठरलेली साखर चढ्या भावाने ते घेत. २००६ ते २००९ या काळात तो भाव एकतृतीयांशाहून जास्त खाली आणला आणि २००९ साली तो करारही संपला. एकोणिसाव्या शतकात जिथे दोनशेंवर साखर कारखाने होते तिथे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. एका बंद कारखान्याचे संग्रहालय झाले आहे. तिकीट काढून लोक चरक आणि कढया पाहतात. मालक तिथे बराच वेळ रेंगाळले. आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांचे धुराडे पाहणाऱ्या सभासदाला त्यांच्या मनातले सांगावे लागणार नाही.

मोठ्या मळेवाल्यांनी काळ ओळखला. त्यांनी किनाऱ्याच्या जमिनींवर हॉटेले बांधली, बंगले बांधले. २००२ पासून परदेशी माणसाला असे बंगले विकण्याची योजनाच सरकारने आणली. त्यांची जमीन मोठी, भांडवल मोठे, म्हणून ते तरले. छोट्या शेतकऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ऊस सोडला, काही रान पडीक पडले, पोरे हॉटेलात कामाला लागली. लमॉर्न म्हणून एक डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपत. तोही २००८ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या पायथ्याशी आज महागडी हॉटेले आहेत. डोंगर सगळ्यांचा, पण दार कोणाचे, हे पाहून घ्यावे.

पाहुण्यांवर जगणे किती नाजूक असते, हेही तिथे कळले. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. पर्यटकांसाठी बेट पुरते उघडायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. दीड वर्ष पाहुणा नाही! त्यातच २०२० च्या जुलैमध्ये 'वाकाशिओ' नावाचे जहाज प्रवाळावर चढले आणि पुढच्या महिन्यात त्यातले तेल समुद्रात पसरले. त्या वेळी गावोगावचे लोक धावले. त्यांनी काय केले असेल? उसाचे पाचट गोळा केले, कापडाच्या लांब पिशव्यांत ठासून भरले आणि तेल अडवायला पाण्यावर तरंगते बांध घातले. ज्या पाचटाला आपण काडी लावतो, त्याने त्यांनी आपला समुद्र राखायचा प्रयत्न केला. हे ऐकून मालक मला म्हणाले, "पाहुणे गेले, तरी ऊस होता म्हणून पाचट तरी होतं."

त्या एका वाक्यात आमचा निकाल लागला.

घरी आल्यावर आम्ही पुण्याच्या त्या गृहस्थांना नको म्हणून सांगितले. एकोणतीस वर्षांनी मालक नसतील, मी नसेन. थोरला साठीला टेकलेला असेल आणि नातवंडांना आपल्या बांधावर जायला कोणाचे तरी फाटक उघडून मागावे लागेल. दुसरे म्हणजे नदीकाठ. निळ्या पूररेषेच्या आत पक्के बांधकाम होत नाही, आणि झाले तरी भीमामाई एका रात्रीत हिशेब चुकता करते. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचली. त्यांना बाहेरून वाळू आणायची होती. अहो, या नदीला वाळूची काय वाण होती? मी लग्न होऊन आले तेव्हा पात्रात शुभ्र वाळूचे पुळण होते. उन्हाळ्यात वाळूत झिरा काढून आम्ही प्यायचे पाणी भरायचो, वाटीने. पुढे ट्रक आले आणि ती वाळू शहरांच्या भिंतींत गेली. आमचा किनारा उपसून नेला आणि आता दुसरीकडची वाळू आणून आम्हालाच किनारा करून देणार! त्यांची झोपडी, त्यांचे नारळ, आमची फक्त जागा. असले खोटे बेट पाहायला शहरचा माणूस एकदा येईल. दुसऱ्यांदा तो खऱ्या बेटावर जाईल.

पण थोरल्याचे म्हणणे सगळेच चुकीचे नव्हते. शहराच्या माणसाला दोन दिवस कामाच्या हाकेपासून दूर बसायचे असते, हे खरे. ती गरज आपण पुरवू शकतो, आणि समुद्राचे सोंग न घेता. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला लोक मोर पाहायला आणि चुलीवरची भाकरी खायला कितीतरी वर्षे येत आहेत. तिथल्या शेतकऱ्यांनी चिंचा आणि मोर राखले, घरातच पाहुणचार सुरू केला. आपल्या शेजारी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. धरणात जमिनी गेलेल्या मुलखात मासे धरणारी पोरे आता नावेतून पक्षी दाखवतात आणि पक्ष्यांची नावे तोंडपाठ सांगतात. ही माणसे आपल्या जागेची मालक राहिली, यातच सगळे आले. राज्य सरकारनेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते.

आमच्याकडे मग सूनबाई बोलली. "आत्या, दोन खोल्या घरामागं बांधू, नदीपासून लांब. जेवण मी बघते. पण एक अट. स्वैपाक, भांडी, झाडलोट सगळं माझ्या एकटीच्या अंगावर नको." वाचकहो, ही अट लाखमोलाची आहे. पाहुण्याची सुटी ही कोणाच्या तरी कष्टावर उभी असते. बेटावरही आणि घरीही. ती घरच्या सुनेच्या कंबरेवर उभी करायची असेल तर तो धंदा नको. आम्ही गावातल्या दोघी बायका रोजाने ठेवल्या. थोरला हिशेब आणि मोबाईल पाहतो. मालक पाहुण्यांना उसात नेतात, रस काढून देतात, काळा दगड हातात देऊन त्याचे गोत्र सांगतात. ऊस दोन एकरांत तसाच उभा आहे. उत्पन्न त्या भाड्याएवढे नाही, निम्मेही नाही. पण सातबारा आमच्या नावावर आहे आणि फाटकाची कडी आतून आहे.

तुमच्या गावातही असे कोणी गृहस्थ येतील. आले नसतील तर येतील. त्यांना चहा पाजा, ऐकून घ्या, रागावू नका. मग घरात बसून चार गोष्टी तपासा. करार किती वर्षांचा आणि तो मोडायचा झाला तर कसा मोडतो. पाणी कोणाच्या विहिरीचे जाणार. पाहुणे वर्षभर आलेच नाहीत तर चूल कशावर पेटणार. आणि घरातल्या बाईच्या वाट्याला किती काम येणार. चारही उत्तरे पटली तर खुशाल करा.

आणि पोरांना बेटावर जायचे असेल तर जाऊ द्या. ते पाणी खरेच सुंदर आहे, डोळे भरून पाहण्यासारखे आहे. फक्त त्यांना एवढे सांगा, की वाळूवर बसून झाले की एकदा उसाच्या वावरातही जा, दगडांच्या ढिगापाशी दोन मिनिटे थांबा, आणि गाड्यावरच्या बाईकडून डाळपुरी घेऊन खा. तिला न संपणाऱ्या जमिनीबद्दल सांगा. येण्याचे आमंत्रण द्या. नदीत पाय सोडून बसायची तिची हौस आपल्याला पुरवायची असेल, तर तोवर नदी तेवढी स्वच्छ करून ठेवू या.